खालच्या दुर्बिणीची तयारी मोबाइलवरून कशी करून घ्यावी: मिरज-सांगलीच्या छोट्या हॉस्पिटलसाठी

कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीला) आलेला पेशंट परत पाठवायची वेळ येते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: आतडे साफ झालेले नसते. औषध दिलेले असते, छापील कागद दिलेला असतो, आणि हल्ली व्हॉट्सॲपवर त्याच कागदाचा फोटोही गेलेला असतो. तरी उमदीहून, अथणीहून पहाटे निघालेला माणूस टेबलावर झोपतो तेव्हा आतड्याच्या भिंतीला ज्वारीचा कोंडा चिकटलेला असतो. फोनवर माहिती पाठवणे हे तयारी करून घेण्याच्या कामाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. खरे काम तीन ठिकाणी आहे: घड्याळ उलटे मोजणे, पेला हातात देणाऱ्या माणसापर्यंत पोचणे आणि त्याच्याकडून उत्तर परत घेणे.

यासाठी वेगळे ॲप बनवून घेऊ नका. पेशंट ते एका तपासणीसाठी डाउनलोड करणार नाही, आणि केले तरी ओटीपी, पासवर्ड आणि परवानग्यांच्या पायरीवर अडकेल. शिवाय हॉस्पिटलच्या किंवा सरकारी योजनेच्या नावाने एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून खाते रिकामे करणारे सध्या भरपूर आहेत. तुमच्या पहिल्याच मेसेजमध्ये एक ओळ घाला: “आम्ही कधीही कोणतीही फाइल इन्स्टॉल करायला सांगत नाही.” पेशंटच्या फोनमध्ये आधीपासून असलेले व्हॉट्सॲप आणि घड्याळ, आणि तुमच्याकडे व्हॉट्सॲप बिझनेस व गुगल शीट, एवढ्यावर सगळे बसते.

सुरुवात शीटपासून

हॉस्पिटलच्या नावाचे वेगळे सिम घ्या. सिस्टरच्या स्वतःच्या नंबरवर हे काम चालवले तर ती रजेवर गेली की पेशंटचे मेसेज तिच्याबरोबर रजेवर जातात. त्या नंबरवर व्हॉट्सॲप बिझनेस लावा. मग शीटमध्ये एका पेशंटला एक ओळ: नाव, गाव, भाषा, दोन मोबाइल नंबर, अपॉइंटमेंटची तारीख-वेळ. यानंतरचे खाने शीटनेच भरायचे. शीटच्या हिशेबात एक दिवस म्हणजे १, त्यामुळे पाच तास वजा करायचे तर अपॉइंटमेंटच्या खान्यातून ५ भागिले २४ वजा करा. सात दिवस वजा करायचे तर सरळ ७. उत्तराच्या जागी पाच आकडी भलतीच संख्या दिसली तर घाबरू नका, त्या खान्याचे फॉरमॅट तारीख-वेळ असे करा.

हे खाने लागतात: लोहाच्या गोळ्या बंद (७ दिवस आधी), डॉक्टरांकडून औषधांची यादी तपासून येण्याची शेवटची तारीख (त्याच्याही आधी), चोथ्याचे खाणे बंद (३ दिवस आधी), आतडे साफ करणाऱ्या जुलाबाच्या पावडरची पहिली बाटली (आदल्या संध्याकाळी ६), दुसरी बाटली सुरू (५ तास आधी, लांबच्या गावाला ६), शेवटचा घोट (आमचा सल्ला ३ तास आधी, २ तासांच्या आत तर अजिबात नाही). या वेळा एकदा तुमच्या गॅस्ट्रोच्या (पोट-आतड्याच्या) आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांकडून सही करून घ्या. रिसेप्शनने पुढे त्यात हात घालायचा नाही.

दुसरी बाटली पहाटे का, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. सगळी पावडर आदल्या रात्रीच संपवली तर रात्रभरात लहान आतड्यातून चिकट पिवळा थर खाली उतरतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे सुरुवातीच्या भागात, बसतो. तिथल्या चपट्या गाठी त्याखाली झाकल्या जातात. म्हणून निम्मा डोस तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करायचा आणि किमान २ तास आधी संपवायचा, ही पद्धत जगभर मान्य आहे.

आता इथली अडचण पाहा. पेशंट उमदीचा आहे आणि अपॉइंटमेंट सकाळी ९ ची. दुसरी बाटली पहाटे ४ ला, आणि जुलाब जोरात असताना एसटीत. तो काय करणार हे उघड आहे: बाटली न पिता येणार आणि “सगळं घेतलं” असे सांगणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, वेळ देणाऱ्याची चूक आहे. जत तालुक्याचा पूर्व भाग, मंगळवेढा, विजापूर इकडच्या पेशंटला दुपारी १ च्या पुढचीच वेळ द्या, किंवा आदल्या रात्री मिरजेत पाहुण्यांकडे किंवा लॉजवर राहायला सांगा. दुपारी १ ची वेळ असेल तर दुसरी बाटली सकाळी ७ ला सुरू, ८ ला संपली, साडेनऊपर्यंत जोर ओसरला, मग गाडीत बसता येते. सांगली शहरातल्या, विश्रामबागच्या माणसाला ९ ची वेळ चालते. शीटमध्ये गावाचा खाना आहे तो यासाठी. नंबर देताना आधी गाव विचारा, मग वेळ सांगा.

नोंदणीच्या दिवशी, पेशंट समोर असतानाच

दोन नंबर घ्यायचे म्हणजे एक पेशंटचा आणि दुसरा त्या रात्री घरात जो असेल त्याचा. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा नंबर पैशांसाठी ठीक आहे. पण निळ्या टिका त्याच्याकडे उमटतात आणि पेला भरायचा असतो सुनेला किंवा मावशींना. सरळ विचारा: “पावडर कालवून कोण देणार? त्यांचा नंबर द्या.” व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवायला आणि औषधांचे फोटो मागायला संमती आहे का, हेही विचारून फॉर्मवर सही घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली आला आहे, आणि तो नसता तरी हे विचारायला हवेच होते.

तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करायला लावा. ब्रॉडकास्ट लिस्टवरून (एकाच वेळी अनेकांना) पाठवलेला मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह असलेल्यांनाच पोचतो. बाकीच्यांना काही दिसत नाही आणि तुम्हाला वाटते सगळ्यांना गेला.

मग त्यांच्याच फोनवर, त्यांच्याच हाताने, घड्याळात तीन गजर: पहिली बाटली, दुसरी बाटली, शेवटचा घोट. प्रत्येक गजराला नाव द्या. तपासणी आठवड्याभराने असेल तर गजराला तारीख लावता येते का पाहा. जुन्या फोनमध्ये नसेल तर वार निवडा. औषधांची आठवण देणारी ॲप कागदावर चांगली दिसतात, पण आपल्याकडे चालणाऱ्या बऱ्याच स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवणारी सेटिंग अशी ॲप मागच्या मागे बंद करते. ऑटोस्टार्टची परवानगी शोधत बसण्यापेक्षा फोनमधले घड्याळ बरे. एक मात्र बजावा: स्मार्टफोन बंद पडला तर गजर होत नाही, म्हणून आदल्या दिवशी लाइट असतानाच चार्ज करून ठेवायचा.

औषधांचा फोटो

“चालू औषधांचा फोटो पाठवा” असे लिहिले की पत्त्यांसारख्या पसरलेल्या, कापलेल्या स्ट्रिप येतात. मेडिकलवाल्याने पाच गोळ्या कापून दिल्या की नाव नेमके उरलेल्या अर्ध्यात राहते. म्हणून मागताना असे मागा: स्ट्रिप पालथ्या, छपाईची बाजू वर, एका फोटोत चारपेक्षा जास्त नकोत, नाव कापले गेले असेल तर मेडिकलचे बिल किंवा डॉक्टरांची चिठ्ठी. फोटो एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर बारीक अक्षरे फाटतात. फोटोवरून नाव ओळखायला गुगल लेन्स मदत करते, पण एका अक्षराने वेगळी असलेली नावे ती सर्रास गोंधळते. यादी डॉक्टरांनीच वाचायची.

रिसेप्शनला चार गट ओळखता आले पाहिजेत, बंद-चालू ठरवायला नव्हे, डॉक्टरांना लगेच दाखवायला. पहिला, रक्त पातळ करणारी औषधे: क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन, ॲसिनोकूमारॉल, रिव्हारॉक्झाबॅन, ॲपिक्झाबॅन. यातली काही तपासणीआधी काही दिवस थांबवतात, पण ज्याला नुकताच स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी) बसला आहे त्याने मनाने गोळी बंद केली तर तो थेट जिवाशी खेळ आहे. ऑटोमॅटिक मेसेजमध्ये “रक्त पातळ करणारी गोळी बंद करा” हे वाक्य कधीही घालू नका. त्या पेशंटला डॉक्टरांचा फोनच गेला पाहिजे, आणि कोणी, किती तारखेला सांगितले ते शीटमध्ये लिहायचे.

दुसरा, मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. स्वस्त झाल्यापासून डॅपाग्लिफ्लोझिन सर्रास दिसते, आणि अनेकदा मेटफॉर्मिनबरोबर एकाच गोळीत असते, म्हणून मोठ्या नावाखालचे बारीक अक्षर वाचा. उपाशी राहण्याच्या काळात या गोळीमुळे साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाच रक्तात आम्ल वाढू शकते. ठरलेल्या प्रोसिजरआधी ३ दिवस ती थांबवण्याचा सल्ला त्यासाठी असतो. इन्सुलिन घेणाऱ्याचा डोस त्याच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचा. तिसरा गट लोहाच्या गोळ्या: त्यामुळे मळ काळा आणि चिकट होतो. चौथा, वजनासाठी किंवा साखरेसाठी आठवड्याला घ्यायचे सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन, कारण त्याने जठर हळू रिकामे होते आणि भूल देणाऱ्याला ते आधी कळायला हवे.

पोट फुगलेले, गॅसही सरत नाही, सतत उलट्या, असे कोणी सांगितले तर त्याला पावडर द्यायचीच नाही. आतड्यात अडथळा असू शकतो, आधी डॉक्टर.

मेसेज कसे लिहायचे

एका मेसेजमध्ये एकच काम. वेळ घड्याळाची, अंतराची नव्हे: “५ तास आधी” नको, “सोमवारी सकाळी ७ वाजता” हवे. शीट ते काढून देतेच. “उपाशी या” हे दोन शब्द तर पाट्यांवरूनही काढून टाका. उपाशी म्हटल्यावर माणूस चहा पिऊन येतो, एकादशी असेल तर साबुदाणा आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन येतो, आणि आपण काही खाल्ले नाही असे प्रामाणिकपणे सांगतो. पदार्थांची नावे लिहा.

३ दिवस आधीचा मेसेज: “मावशी, आजपासून भाकरी, शेंगदाणे, शेंगदाण्याची व तिळाची चटणी, टोमॅटो, वांगे, भेंडी, पालेभाजी, पेरू, डाळिंब, द्राक्षे, बेदाणे बंद. चालेल ते: पांढरा भात, मुगाचे वरण, इडली, दही, अंडे. कळले तर १ पाठवा, शंका असेल तर २.” कमी जोखमीच्या पेशंटला फक्त आदल्या दिवसाचा आहार बदलला तरी पुरतो, असे नवे मार्गदर्शन सांगते. पण रोज दोन वेळा भाकरी आणि वर दाण्याची चटणी खाणाऱ्या आणि बद्धकोष्ठ असलेल्या माणसाला आम्ही तीनच दिवस सांगू. द्राक्षाच्या हंगामात तासगाव-कवठेमहांकाळकडच्या पेशंटला “बेदाणे” शब्द वेगळ्या ओळीत टाका. रानात काम करता करता किती तोंडात जातात याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आदल्या दिवशी सकाळी: दुपारी १२ च्या आत वरण-भात, त्यानंतर फक्त आरपार दिसणारे पातळ: पाणी, शहाळे, गाळलेले लिंबू सरबत, डाळीचे वरचे पाणी, कोरा चहा. दूध नाही, दुधाचा चहा नाही. कोकम, बीट, डाळिंब, काळ्या द्राक्षांचा रस नाही. लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. किडनीच्या पेशंटला शहाळे डॉक्टरांना विचारून. मधुमेहाच्या पेशंटला हात थरथरले, घाम आला किंवा मशीनवर साखर ७० च्या खाली दिसली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून लगेच, आणि हॉस्पिटलला फोन. हे त्याच मेसेजमध्ये हवे, वेगळ्या पीडीएफमध्ये नको.

पावडर कालवायचा मेसेज व्हिडिओचा करा, एक मिनिटाच्या आतला. इथेच सर्वांत जास्त चुकते. पीईजीचे (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, हीच ती पावडर) मोठे पाकीट साधारणपणे २ लिटर पाण्यासाठी असते (पाकिटावर पाहा, तेच प्रमाण). लोक ते तांब्याने मोजतात. घरातला स्टीलचा पेला कुठे दीडशे मिली, कुठे अडीचशे. “आठ पेले” म्हटले की प्रत्येक घरात वेगळेच पाणी होते. पाण्याच्या एक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या धुऊन घ्यायला सांगा. दोन्ही भरून स्वच्छ पातेल्यात ओता, सगळी पावडर टाका, दाणा उरणार नाही इतके ढवळा, आणि मिश्रण परत त्याच बाटल्यांत भरा. पाकीट अर्धे करून एकेका बाटलीत टाकायचा शहाणपणा करू नये; अर्धे कधीच अर्धे होत नाही. एक बाटली संध्याकाळची, एक सकाळची. सकाळची फ्रिजमध्ये, नाहीतर माठाशेजारी ओल्या फडक्यात. गार असली की चव कमी लागते. साखर, सरबत, थंड पेय त्यात मिसळायचे नाही. दर १०-१५ मिनिटांनी २५० मिली, म्हणजे चार वेळा ओतले की बाटली संपली. मळमळले तर अर्धा तास थांबून पुन्हा छोट्या घोटांनी. बाटलीच्या मधे-मधे साधे पाणीही प्यायचे.

तुम्ही पीईजीऐवजी सोडियम फॉस्फेटचे छोट्या बाटलीतले द्रावण देत असाल तर हा मेसेज वापरू नका. त्याचे प्रमाण वेगळे आहे, आणि किडनी किंवा हृदय कमकुवत असलेल्यांना, वयस्कांना ते टाळतात.

आवाज आणि भाषा

जतच्या पूर्वेकडे घरात कन्नड बोलतात. मुले मराठी शाळेत गेलेली असतात, आजी नाही. गुगल ट्रान्सलेट मराठीतून कन्नडमध्ये लिहून देते आणि घाईच्या वेळी समोरासमोर बोलायला उपयोगी पडते, पण सूचनांसाठी त्यावर विसंबू नका. कन्नड बोलणाऱ्या सिस्टरकडून किंवा वॉर्डातल्या मामांकडून पाच व्हॉइस मेसेज एकदा नीट रेकॉर्ड करून घ्या, प्रत्येकी ३०-४० सेकंदांचा, पंखा बंद करून. मिरजेतल्या अनेक घरांसाठी दखनी हिंदीतलेही करा. हे सगळे “स्वतःला मेसेज” या चॅटमध्ये साठवून ठेवले की तिथून फॉरवर्ड करता येतात. लेखी मेसेज व्हॉट्सॲप बिझनेसच्या क्विक रिप्लायमध्ये (तयार उत्तरे साठवायची जागा, ५० पर्यंत बसतात) ठेवा, आणि लेबल लावा: “नोंदणी झाली”, “औषधे तपासली”, “आहार कळला”, “उत्तर नाही”. वेळेचे आकडे व्हॉइसमध्ये घालू नका, ते प्रत्येकाचे वेगळे असतात. व्हॉइसमध्ये कृती, लेखी मेसेजमध्ये वेळ.

रमजानमध्ये तातडी नसेल तर तपासणी ईदनंतर घ्या, नवरात्राच्या उपवासालाही तेच. हे नोंदणीच्या वेळीच विचारले की नंतरची ओढाताण वाचते.

उत्तर परत येणे

एक राखाडी टिक म्हणजे फोन बंद किंवा रेंज नाही. दोन म्हणजे पोचला. निळ्या म्हणजे कोणीतरी उघडला, कोणी ते माहीत नाही. यातले काहीच “कळले” नव्हे. आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत १ किंवा २ हे उत्तर आले नाही की साधा फोन लावा. फोनवर “कळलं ना?” विचारू नका, त्याला उत्तर “हो” एवढेच येते. विचारा: “दुसरी बाटली किती वाजता सुरू करणार? चहा कोणता घेतला?” चूक तिथल्या तिथे सापडते.

तपासणीच्या सकाळी रंगांचे कार्ड पाठवा, चार चौकोन: १ काळपट घट्ट, २ तपकिरी आणि त्यात कण, ३ गढूळ नारिंगी, ४ पिवळे पण आरपार, लघवीसारखे. पेशंटने फक्त आकडा कळवायचा. ४ आला तर निघा. ३ आला तर डॉक्टरांना विचारून वेळ थोडी पुढे ढकलता येते. १ किंवा २ असेल तर घरातूनच थांबवता येते, दोन तासांचा प्रवास वाचतो. पाणी टाकण्याआधी, उजेडात पाहायला सांगा. खरा फोटो मागायची गरज नाही. तरी लोक पाठवतातच, म्हणून हॉस्पिटलच्या फोनमध्ये मीडिया गॅलरीत दिसण्याची सेटिंग बंद ठेवा.

सतत उलट्या, असह्य पोटदुखी, चक्कर येऊन पडणे किंवा संडासवाटे रक्त, यासाठी मेसेज नाही, फोन. रात्री तो नंबर कोण उचलणार याचे नाव ड्यूटीच्या पाटीवर हवे. नसेल तर मेसेजमध्ये तो नंबर देऊच नका, दुसरा द्या, आणि त्याखाली १०८.

सोबत माणूस लागेल हेही आधीच कळवा: झोपेचे इंजेक्शन दिल्यावर २४ तास गाडी चालवायची नाही, एकट्याने जायचे नाही. हे तपासणीनंतर सांगितले तर पेशंट मोटारसायकलची किल्ली हातात घेऊन उभा असतो.

हीच पद्धत इतर कामांना

भूल देऊन करायच्या ऑपरेशनला तीच शीट चालते, फक्त अंतर बदलते: निरोगी मोठ्या माणसाला हलके खाणे आणि दूध ६ तास आधी बंद, तळलेले-मांसाहारी ८ तास, साधे पाणी २ तास; अंगावर पिणाऱ्या बाळाला आईचे दूध ४ तास. जोडवी, हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, नेलपॉलिश, कवळी यांचा मेसेज आदल्या दिवशी जावा. जोडवी साबणाने काढायला घरी वेळ असतो, ओटीच्या दारात नसतो. मोतीबिंदूसाठी प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन गोळी चालू आहे किंवा पूर्वी होती का, एवढे जरूर विचारा. तिच्यामुळे ऑपरेशनमध्ये बुबुळाचा पडदा ढिला पडतो आणि सर्जनला ते आधी माहीत हवे.

शीटचा शेवटचा खाना

तपासणी झाल्यावर डॉक्टरांकडून बोस्टन स्केलचे (आतडे किती साफ होते याच्या मापाचे) गुण विचारून त्याच ओळीत लिहा. उजवा, मधला, डावा भाग, प्रत्येकी ० ते ३, बेरीज ९ पैकी; एकूण ६ किंवा जास्त आणि कोणत्याही भागाला २ पेक्षा कमी नाही, तर तयारी पुरेशी. शंभरातल्या किमान नव्वद तपासण्यांत ती पुरेशी असावी असे युरोपातल्या एंडोस्कोपी सोसायटीचे माप आहे. महिनाअखेरीस शीट गाव, भाषा आणि अपॉइंटमेंटची वेळ यांनुसार लावून पाहा. उजव्या बाजूचेच गुण पडत असतील तर दुसरी बाटली प्यायली जात नाही, वेळ बदला. सगळीकडेच पडत असतील तर पाणी मोजण्यात किंवा आहारात चूक आहे, व्हिडिओ पुन्हा काढा. आणि फक्त कन्नड पेशंटचे पडत असतील तर तो व्हॉइस मेसेज त्याच भागातल्या, हॉस्पिटलशी संबंध नसलेल्या एखाद्या आजीला ऐकवून तिने काय समजले ते विचारा.